दुरुस्तीहून परतलेली .२२ मॅच रायफल: चेंबर आणि ग्रुपिंगमधला दोष कसा शोधावा

पन्नास मीटरच्या नेमबाजीत वापरली जाणारी .२२ लाँग रायफल काडतुसाची मॅच रायफल कारखान्यातून दुरुस्त होऊन आली, की तिच्याकडे 'आपली जुनीच रायफल' म्हणून पाहू नये. बॅरल काढून पुन्हा बसवले असेल, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत) रीमर, म्हणजे ती पोकळी कापणारे हत्यार, फिरवला असेल किंवा फायरिंग पिन, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) यांपैकी काही बदलले असेल, तर काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकते ती जागा, गोळी जिथे बॅरलच्या आतील पिळदार खाचांना भिडते ती जागा आणि पिन जिथे आघात करते ती जागा या तिन्हींचा एकमेकांशी असलेला मेळ नव्याने बसलेला असतो. तो नीट बसला आहे की नाही, हे लक्ष्यावरच्या छिद्रांपेक्षा काडतूस आणि पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) अधिक स्पष्टपणे सांगतात. पुष्कळ नेमबाज मात्र उलट क्रमाने जातात: आधी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर जमलेल्या छिद्रांचा पसारा, पाहतात, तो मोठा आला की काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेला साठा) बदलतात, मग दुसऱ्या ब्रँडची काडतुसे आणतात, आणि शेवटी सगळे थकले की 'बॅरल गेले' असा निकाल देऊन मोकळे होतात. मॅच काडतुसे महाग असतात आणि परवान्यावरील मर्यादेतच मिळतात, त्यामुळे हा मार्ग आपल्याकडे कोणालाच परवडणारा नाही.

येथे विचार केवळ बोल्ट ॲक्शनच्या मॅच रायफलीचा केला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनचे (पालथे झोपून करायच्या नेमबाजीचे) जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या रायफलीने. या लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि दशांश गुणांकनात एका दशांशाची रुंदी अवघी ०.८ मिमी भरते. चेंबरमधील जो दोष शिकारीच्या रायफलीत कोणाच्या ध्यानातही आला नसता, तो येथे थेट गुणपत्रिकेत उमटतो.

गोळी झाडण्यापूर्वी

पेटी उघडल्यावर प्रथम क्रमांक पाहावेत. बॅरल बदलले असेल तर त्यावरील क्रमांक आणि परवान्यातील नोंद जुळते का, हे तपासावे. जुळत नसेल तर रायफल रेंजवर नेण्यापूर्वी परवाना प्राधिकाऱ्याकडे नोंद दुरुस्त करून घ्यावी. बोल्टवर क्रमांक असल्यास तोही रायफलीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. एकाच मॉडेलच्या दोन रायफली दुरुस्तीच्या एकाच टेबलावर असताना बोल्टांची अदलाबदल होणे अशक्य नाही, आणि बोल्ट बदलला की हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाची कड टेकण्याची जागा यांमधील अंतर) बदलते. सोबत आलेल्या कागदावर नेमके काय केले आहे, ते शब्दशः वाचावे. 'चेंबर दुरुस्त केले' या एका ओळीवर समाधान मानू नये. बॅरल मागे घेतले का, रीमर कोणत्या मापाचा वापरला, हेडस्पेस किती ठेवले आणि चाचणीचा ग्रुप कोणत्या काडतुसाने, कोणत्या अंतरावर, हातातून की शिकंज्यातून काढला, हे चार प्रश्न लेखी विचारून उत्तरे मागवावीत. अशी उत्तरे सहसा मिळतात. ती आपल्याकडून मागितली जात नाहीत, एवढेच.

कारखाना रायफल पाठवताना बॅरलमध्ये गंज रोखणारे तेल भरून पाठवतो, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहणारा मालक त्यावर आणखी एक हात फिरवतो. हे तेल बॅरलमध्ये व चेंबरमध्ये राहिले तर पहिले काही शॉट निरर्थक ठरतात, आणि बोल्टच्या आत राहिले तर पिनचा आघात मंदावतो. म्हणून चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून, कोरडे फेल्ट पेलेट किंवा चिंधी ढकलून बॅरल कोरडे करावे. हे करताना हाताला जे जाणवते तेही टिपून ठेवावे. रॉड सारख्या जोराने पुढे गेला, तर नळी एकसारखी आहे. मध्येच सैल पडून पुन्हा घट्ट झाला, तर ती जागा रॉडवर चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. तोंडाजवळ किंचित घट्ट लागणे हा बहुतेक मॅच बॅरलांत दोष मानत नाहीत. चेंबरच्या लगेच पुढे रॉड अडखळत असेल, तर तेथे जुन्या कार्बनची कडी राहिली आहे किंवा रीमरने काठ उठवला आहे, अशा दोन शक्यता असतात. कडी ब्रशने आणि द्रावणाने निघते, उठलेला काठ निघत नाही.

बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, पाहण्यासाठी कापसाची काडी आतून बाहेरच्या दिशेने सर्व बाजूंनी हलकेच ओढावी. कापसाचे तंतू एखाद्या ठिकाणी अडकले, तर तेथे ओरखडा किंवा बर (धातूचा उठलेला बारीक काठ) आहे. हीच काडी चेंबरच्या तोंडावरही फिरवावी, विशेषतः पिन जिथे पडते तिथे. रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची सवय आणि अंमळ लांब झालेली पिन एकत्र आली, की चेंबरच्या काठावर पिनचा खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याचा धातू आतल्या बाजूला उठतो. पिन बदलून आलेल्या रायफलीत हे अवश्य तपासावे.

काडतूस चेंबरमध्ये भरून काढणे

पुढची तपासणी जिवंत काडतुसावर करायची असल्यामुळे ती रेंजवरच, फायरिंग पॉइंटवर, बॅरल लक्ष्याच्या दिशेने ठेवून, रेंज अधिकाऱ्याला सांगून करावी. घरात, अगदी पिन काढलेल्या बोल्टनेही, ती करू नये.

नेहमीच्या लॉटमधील एक काडतूस घ्यावे, त्याच्या बुडावर बाराच्या ठिकाणी बारीक पेनाने टिंब द्यावे आणि टिंब वर ठेवून ते हाताने चेंबरमध्ये सरकवावे. बोल्ट हळू बंद करावा. शेवटच्या टप्प्यात बोटांना थोडा मऊ विरोध जाणवायला हवा, कारण मॅच चेंबर मुद्दाम आखूड ठेवलेले असते आणि गोळीचा पुढचा भाग खाचांच्या सुरुवातीत दाबला जातो. मग बोल्ट सरळ मागे, घाई न करता उघडावा. .२२ ची गोळी पुंगळीत फार घट्ट धरलेली नसते, त्यामुळे खाचांत रुतलेली गोळी कधी तिथेच राहते, पुंगळी एकटी बाहेर येते आणि दारूचे कण ॲक्शनमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात) सांडतात. असे झाले तर दुसरे काडतूस भरण्याचा विचारही करू नये. आर्मररकडून (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून) गोळी रॉडने काढून घेऊन ॲक्शन व चेंबर झटकून स्वच्छ केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

काडतूस नीट बाहेर आले, तर भिंगाखाली गोळी फिरवून पाहावी. शिशावर खाचांमधल्या उंचवट्यांचे छोटे ठसे उमटलेले दिसतील. बॅरलच्या घडणीप्रमाणे ते सहा असतील, आठ असतील. चांगल्या चेंबरमध्ये सगळे ठसे जवळजवळ सारख्या लांबीचे असतात. एका बाजूचे ठसे लांब आणि समोरच्या बाजूचे पुसट किंवा नाहीसे झालेले दिसले, तर चेंबर बॅरलच्या मध्यरेषेशी समकेंद्री नाही, अशी शंका येते. मात्र या एका काडतुसावरून निष्कर्ष काढू नये, कारण गोळीच पुंगळीत तिरकी बसवलेली असू शकते. म्हणून दुसरे काडतूस टिंब तीनच्या ठिकाणी ठेवून, तिसरे सहाच्या आणि चौथे नऊच्या ठिकाणी ठेवून भरावे. लांब ठसे दर वेळी रायफलीच्या वेगळ्या बाजूला आले, तर दोष काडतुसांचा आहे. टिंब कुठेही असो, लांब ठसे रायफलीच्या एकाच बाजूला, समजा नेहमी खालच्या बाजूला, उमटत राहिले, तर दोष चेंबरचा किंवा काडतूस खाली दाबणाऱ्या बोल्टचा आहे. पुंगळीच्या अंगावर त्याच बाजूला घासल्याची चकाकी दिसली, तर चेंबरविषयीचा संशय बळावतो. चार-पाच काडतुसांत निकाल देणारी ही कसोटी इतकी स्वस्त असूनही फारच थोडे लोक ती करतात.

पूर्वी ठसे उमटत होते आणि आता एकाही काडतुसावर उमटत नाहीत, याचा अर्थ चेंबर खोल केले गेले आहे किंवा मॅच रीमरऐवजी साध्या स्पोर्टिंग मापाचा रीमर वापरला गेला आहे. अशी रायफल असुरक्षित नसते, पण गोळीला खाचांपर्यंत मोकळी उडी मारावी लागते आणि ती प्रत्येक वेळी सारखी सरळ आत शिरेल याची शाश्वती राहत नाही. ठसे पूर्वीपेक्षा बरेच लांब झाले आणि बोल्ट बंद करताना जोर लावावा लागला, तर बॅरल अधिक मागे घेतले गेले आहे. तुलना नेहमी एकाच लॉटच्या काडतुसांत करावी, कारण प्रत्येक ब्रँडच्या गोळीचे नाक वेगळ्या आकाराचे असते. रायफल दुरुस्तीला देण्यापूर्वीची ठसा उमटलेली एक-दोन काडतुसे आणि दहाएक पुंगळ्या जपून ठेवलेल्या असतील, तर काम फार सोपे होते. नसतील तर क्लबमधील त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलीचा आधार घ्यावा. कसोटीत वापरलेली काडतुसे ग्रुप काढण्यासाठी वापरू नयेत.

हेडस्पेस

.२२ च्या काडतुसात प्राइमिंगचा (दारू पेटवणारा) मसाला रिमच्या, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, आत भरलेला असतो आणि काडतूस चेंबरमध्ये अडकते तेही रिमवरच. बोल्टचा चेहरा आणि रिम टेकण्याची जागा यांमधील अंतर म्हणजे या रायफलीचे हेडस्पेस. त्यासाठी वापरला जाणारा 'गो' गेज (मोजमापाचा ठोकळा) ०.०४३ इंचाचा, म्हणजे सुमारे १.०९ मिमीचा असतो आणि 'नो-गो' ०.०४६ इंचाचा, म्हणजे सुमारे १.१७ मिमीचा. एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा) दाब न लागू देता 'गो' गेजवर बोल्ट सहज बंद व्हावा आणि 'नो-गो' गेजवर बंद होऊ नये. गेज नसतील तर परवानाधारक आर्मररकडे जावे. जिवंत काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टीचे थर लावून बोल्ट किती थरांवर बंद होतो ते पाहण्याचा एक घरगुती प्रकार सांगितला जातो. मसाला रिममध्येच असल्यामुळे तो करू नये.

हेडस्पेस जास्त असेल तर पिनचा काही जोर काडतूस पुढे ढकलण्यात खर्च होतो, रिम दर वेळी सारखी चेपली जात नाही, मसाला कमी-अधिक जोमाने पेटतो आणि गोळीचा वेग शॉटागणिक बदलतो. ही शंका रेंजवर पडताळता येते. रिमची जाडी मोजून एकाच डब्यातील सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ रिमची काडतुसे वेगळी काढावीत आणि दोन वेगळ्या लक्ष्यांवर आलटून-पालटून झाडावीत. जाड रिमचा ग्रुप स्पष्टपणे आखूड आणि पातळ रिमचा उभा ताणलेला आला, तर हेडस्पेस वाढले आहे असे मानण्यास जागा आहे. दोन्ही सारखेच आले, तर हेडस्पेसचा नाद सोडून पुढे जावे.

पुंगळी वाचणे

झाडलेल्या पुंगळ्या टोपलीत टाकून न देता क्रमाने डब्यात उभ्या ठेवाव्यात. पुंगळीवरील पिनचा ठसा म्हणजे आयती दिशादर्शक खूण असते, कारण पिन चेंबरच्या एकाच ठिकाणी पडते. ठसा वर ठेवून दहा पुंगळ्या एका ओळीत मांडल्या, की प्रत्येकीवरचे ओरखडे, फुगवटे आणि काजळी चेंबरच्या नेमक्या कोणत्या बाजूचे आहेत ते आपोआप कळते. दहाही पुंगळ्यांवर एकाच बाजूला येणारी खूण चेंबरची असते. एखाद्याच पुंगळीवरची खूण बहुधा भरण्याच्या वेळी लागलेली असते.

पुंगळीच्या लांबीच्या दिशेने जाणारा सरळ, सारखा ओरखडा चेंबरच्या तोंडावरील बर दाखवतो, आणि अशा वेळी चेंबरच्या तोंडाशी शिशाचा चांदीसारखा पातळ कपचाही कधीकधी सापडतो. हा बर काडतूस भरतानाच गोळीचे शिसे तासतो. एका बाजूला तासलेली गोळी सरळ जात नाही. पुंगळीभोवती आडव्या गोल रेषा दिसल्या, तर रीमर थरथरत फिरला आहे. अशा चेंबरमधून पुंगळी निघताना बोल्ट उघडायला जड जातो, कारण दाबाने फुगलेले पितळ त्या रेषांत बसते. काजळीच्या बाबतीत फार घाबरून जाऊ नये: तोंडाजवळ थोडी काजळी .२२ मध्ये नित्याची असते, परंतु ती एका बाजूने रिमपर्यंत उतरली असेल तर चेंबर त्या बाजूला मोठे किंवा खडबडीत झाले आहे.

सर्वांत गंभीर खूण रिमच्या लगेच पुढे येणाऱ्या फुगवट्याची. बॅरल मागे घेतले की एक्स्ट्रॅक्टरच्या खाचा पुन्हा कापाव्या लागतात, आणि त्या गरजेपेक्षा खोल कापल्या गेल्या तर पुंगळीच्या भिंतीचा तेवढा भाग आधाराविना राहतो. तेथे बोटाच्या नखाला जाणवेल असा उंचवटा दिसला, रिम फाटली किंवा चेहऱ्यावर मागे वायू आल्याचे जाणवले, तर गोळीबार तत्काळ थांबवावा आणि ती रायफल पुन्हा झाडू नये. मॅच रायफलीवरही डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, हे येथे सांगितलेले बरे. प्रोनमध्ये चेहरा बोल्टपासून किती जवळ असतो हे प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असते.

पिनच्या ठशाची खोली दहाही पुंगळ्यांवर सारखी असावी. काही खोल आणि काही उथळ असतील, तर बोल्टमधील घट्ट झालेले ग्रीस, दमलेली स्प्रिंग, पिनचा अपुरा बाहेर येणारा भाग आणि वाढलेले हेडस्पेस या क्रमाने तपासावे. ग्रीस पुसून टाकण्यास काही खर्च नसतो, म्हणून ते पहिले.

ग्रुप काढणे आणि त्याचा आकार

एवढे झाल्यावरच लक्ष्याकडे वळावे. स्वच्छ केलेल्या बॅरलमधून पहिले दहा-वीस शॉट मोजणीत धरू नयेत, कारण गोळीवरील मेणाचा थर नळीला सर्वत्र लागेपर्यंत शॉट भटकतात. रीमर फिरवलेल्या चेंबरच्या पुढील भागाला तर अधिक वेळ लागतो. त्यानंतर दहा-दहा शॉटचे निदान चार ग्रुप एकाच लॉटने काढावेत. पाच शॉटचा एखादा देखणा ग्रुप खिशात घेऊन फिरणारे लोक प्रत्येक रेंजवर असतात, परंतु त्या ग्रुपवरून रायफलीविषयी काहीच सिद्ध होत नाही. ग्रुपचे माप बाहेरच्या कडांमधील अंतरातून गोळीचा व्यास, सुमारे ५.६ मिमी, वजा करून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर प्रत्येक शॉटचे आडवे आणि उभे अंतर छापून घ्यावे, म्हणजे उभा पसारा आणि आडवा पसारा वेगवेगळा मोजता येतो. वेळ सकाळची, वारा उठण्यापूर्वीची निवडावी. सेकंदाला १ मीटर इतका हलका आडवा वारादेखील ५० मीटरवर गोळी सुमारे ५ ते ६ मिमी सरकवतो, म्हणजे दुपारच्या वाऱ्यात चेंबरचा दोष शोधणे व्यर्थ आहे.

ग्रुप उभा ताणलेला असेल तर वेगाकडे पाहावे. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते, ५० मीटर अंतर सुमारे ०.१६ सेकंदांत कापते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग १ टक्का कमी झाला की ती आणखी सुमारे अडीच मिमी खाली लागते, म्हणजे तीन दशांश गुण गेले. सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर साडेसात मिमीच्या आसपास. बॅरलच्या कंपनामुळे यात थोडे कमी-जास्त होते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे उपकरण) मिळाला तर प्रत्येक शॉटचा वेग आणि त्याची उंची समोरासमोर लिहावी. मंद शॉट खाली आणि जलद शॉट वर, अशी जोडी सातत्याने जमली, तर दोष पेट घेण्याचा आहे: पिन, स्प्रिंग, हेडस्पेस किंवा काडतूस. वेग एकसारखा असूनही ग्रुप उभा असेल, तर ॲक्शन स्टॉकमध्ये (रायफलीच्या दस्त्यात) कसे बसले आहे ते आणि नेमबाजाचा श्वास, खांद्यावरील दाब यांकडे वळावे.

दोन वेगळ्या ठिकाणी जमलेले ग्रुप चेंबरमुळे क्वचितच होतात. काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागी बसते आहे, असा त्याचा अर्थ असतो: साइटचा पाया, ॲक्शनचे स्क्रू, किंवा ज्या रायफलींत बॅरल क्लॅम्पने धरलेले असते त्यांत क्लॅम्पचे स्क्रू. प्रवासात स्क्रू ढिले होतात. ते कारखान्याने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने घट्ट करावेत. अंदाजाने आवळू नयेत. साइट बदलून पाहणे हा येथे सर्वांत जलद उपाय.

नऊ शॉट जमून एखादा भटकत असेल, तर त्या शॉटची पुंगळी ओळीतून काढून तिच्यावर इतरांपेक्षा वेगळे काही आहे का ते पाहावे. पुंगळ्या क्रमाने ठेवण्याचा खरा लाभ येथे होतो. ग्रुप गोल पण सर्वत्र मोठा असेल, तर क्राउन, चेंबरची समकेंद्रता आणि त्या बॅरलला न मानवणारा लॉट या तिन्ही शक्यता खुल्या राहतात. क्राउनचा एक पुरावा डोळ्यांनी दिसतो: काही डझन शॉटनंतर तोंडाभोवती काजळीची आणि शिशाची चांदणी उमटते, तिचे सर्व किरण सारखे असतील तर क्राउनवर संशय घेण्याचे कारण नाही, एखादा किरण लांब किंवा तुटका असेल, तर त्या ठिकाणी कापसाची काडी पुन्हा फिरवावी.

रीमर फिरवलेल्या रायफलीत मला सर्वाधिक बोलका वाटणारा आकार मात्र एका ग्रुपमध्ये दिसतच नाही, तो क्रमात दिसतो. स्वच्छ केल्यानंतरचा पहिला उपयोगी ग्रुप चांगला, दुसरा थोडा मोठा, तिसरा आणखी मोठा, आणि पुन्हा स्वच्छ केल्यावर पहिल्यासारखा चांगला: असे चक्र दोनदा आले, तर चेंबरच्या पुढचा निमुळता भाग खडबडीत राहिला आहे आणि तेथे शिसे साचत आहे. चिंधीवर राखाडी-चकचकीत कण येतात, बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत पाहण्याच्या दुर्बिणीत) ते खाचांच्या सुरुवातीलाच चिकटलेले दिसतात. याउलट पहिले ग्रुप वाईट आणि पुढचे सावकाश सुधारत जाणारे असतील, तर रायफलीला थोडा अवधी द्यावा. ती बसते आहे.

बॅरल आणि स्टॉक वेगळे करून पाहणे

एवढ्यानेही निकाल लागला नाही, तर ॲक्शन स्टॉकमधून काढून शिकंज्यात धरून झाडण्याची सोय जिथे असेल तिथे ते करावे. काडतूस बनवणाऱ्या कंपन्या लॉट निवडून देण्यासाठी हीच पद्धत वापरतात. एली कंपनीची अशी चाचणी बर्मिंगहॅमजवळ होते आणि लापुआची जर्मनीतील शोनेबेक येथे. शिकंज्यात ग्रुप लहान आणि स्टॉकमध्ये मोठा आला, तर चेंबर निर्दोष आहे. शिकंजा नसेल तर डायल इंडिकेटर स्टॉकच्या पुढील भागावर बसवून त्याचे टोक बॅरलला टेकवावे आणि ॲक्शनचा एकेक स्क्रू सैल करावा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली, तर ॲक्शन स्टॉकमध्ये ताणाखाली बसले आहे. ही तपासणी रिकाम्या रायफलीवर, बोल्ट काढून करावी.

आणि एक अगदी साधी अदलाबदल: आपली रायफल आपल्याच तोडीच्या दुसऱ्या नेमबाजाला द्यावी आणि त्याची आपण घ्यावी. दोष रायफलीबरोबर गेला की नेमबाजाबरोबर राहिला, हे त्या सकाळीच समजते. अभिमान आडवा येतो म्हणून ही अदलाबदल बहुधा सर्वांत शेवटी होते, वास्तविक ती पहिल्या दिवशी व्हायला हवी.

कारखान्याला कळवणे

चेंबरचा दोष दिसत असेल तर त्यावर स्वतः हात चालवू नये. एमरी, पॉलिश पेपर, ड्रिलवर लावलेला ब्रश यांतील काहीही चेंबरमध्ये गेले, की मूळ दोष आणि नवा दोष वेगळे करता येत नाहीत आणि हमीचा हक्कही जातो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या कामाला स्वतंत्र परवाना लागतो, हेही ध्यानात असावे. 'ओळखीचा लेथवाला' हा येथे पर्याय नाही.

पत्रात 'अचूकता बिघडली' असे न लिहिता निरीक्षण लिहावे: 'अमुक लॉटची चार काडतुसे चार दिशांनी भरली असता चारही वेळा खालच्या बाजूचे ठसे लांब व वरचे नाहीसे होते, दहा पुंगळ्यांवर पिनच्या ठशाच्या उजवीकडे एकाच जागी लांब ओरखडा आहे, दहा शॉटच्या चार ग्रुपांची उभी व आडवी मापे सोबत जोडली आहेत.' पुंगळ्यांची छायाचित्रे पिनचा ठसा वर ठेवूनच घ्यावीत. कारखान्याच्या चाचणी लक्ष्यावर एकच ग्रुप असेल आणि तो शिकंज्यातून काढलेला असेल, तर आपल्या प्रोनमधील ग्रुपशी त्याची तुलना करून भांडू नये. आपल्या नेहमीच्या काडतुसाने काढलेल्या दहा शॉटच्या ग्रुपांची मागणी करावी. रायफल पुन्हा पाठवताना बोल्ट तिच्यासोबतच गेला पाहिजे, कारण हेडस्पेस त्या दोघांचे मिळून असते. ज्या लॉटने तपासणी केली त्यातील पन्नास काडतुसांचे दोन डबे मात्र न फोडता राखून ठेवावेत. रायफल परतल्यावर त्याच दिशा, त्याच पुंगळ्यांच्या ओळी आणि तेच चार ग्रुप त्याच काडतुसांनी काढता आले, तरच दुरुस्ती झाली की नाही ते ठरवता येईल.